अकरा पावले

निषिद्ध शब्दांच्या यादीतली चौदावी ओळ कोरी होती. यादी टंकलिखित करणाऱ्या मुलीच्या हाती तो शब्द देणे बरे दिसणार नाही, असे १९३६ साली कोणा वरिष्ठाला वाटले होते. म्हणून आकडा छापला गेला आणि पुढची जागा तशीच राहिली. बारा वर्षांत यादी सहा वेळा नव्याने निघाली, नवे शब्द आत शिरले, दोन-तीन जुने सुटले. चौदावी ओळ मात्र कोरीच राहिली. लॉस एंजेलिसच्या त्या रेडिओ कंपनीत, संहिता तपासणी विभागात रुजू होणाऱ्याला तिचा अर्थ कोणी तोंडीही सांगत नसे. तो ज्याचा त्याने ओळखायचा.

थेडा ऑस्टरमन हिने तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. विभागात येण्यापूर्वी ती ओहायोतल्या एका कॉलेजात सहा वर्षे ग्रीक आणि लॅटिन शिकवत असे. मंदीच्या काळात कॉलेजने आधी ग्रीक बंद केले, मग लॅटिन, आणि शेवटी तिला. आता ती बेचाळीस वर्षांची होती, तिच्या हाती निळी पेन्सिल होती आणि देशभरातल्या कोट्यवधी घरांत कोणता शब्द जाऊ नये हे ठरवण्याचे तिला वेतन मिळत होते. प्राचीन ग्रीक रंगभूमीवरही रक्त दाराआडच सांडत असे, हे तिला ठाऊक होते. पण मग दूत बाहेर येऊन घडलेले सगळे, अवयवांच्या नावांसकट, सांगत असे. इथे दूत बाहेर येई आणि दाढीच्या साबणाची शिफारस करी.

त्या साबणाच्या जाहिरातदारांच्या कृपेने दर गुरुवारी जी पोलीस मालिका लागे, तिचे नाव ‘सतरा नंबर ठाणे’. निर्माता, दिग्दर्शक आणि मुख्य नट एकच, वॉल्टर प्रिन्डल. ‘आम्ही काही बनवत नाही,’ हे त्याचे ब्रीद होते आणि त्याच्या मर्यादेत ते खरेही होते. प्रत्येक भाग पोलिसांच्या मिटलेल्या फायलीवरून घेतला जाई आणि तेवढी नावे बदलली जात. ज्या ठाण्यात प्रसंग घडे तिथे प्रिन्डल स्वतः जाई, दारापासून सार्जंटच्या टेबलापर्यंतची पावले मोजी, टेबलाचे लाकूड बोटाने वाजवून पाही. आणि स्टुडिओतला ध्वनिकार ऑगी फेन नेमकी तितकीच पावले फळीवर चाले. सत्य म्हणजे पावलांची संख्या, असे प्रिन्डल मानत असे. वृत्तपत्रेही तसेच मानत.

त्या वर्षी त्याने एका लहान मुलीची फाईल निवडली. असा विषय रेडिओवर आजवर कोणी घेतलेला नव्हता. प्रसारणाला तीन आठवडे बाकी असतानाच दोन अग्रलेखांचे आश्वासन मिळाले होते आणि दोन्हीकडे ‘धाडस’ हा शब्द ठरलेला होता. थेडाने संहितेतून अकरा शब्द काढले, त्यांत चौदाव्या ओळीतला पहिला. उरले ते इतकेच, की मुलीला ‘त्रास झाला’.

नातेवाइकांच्या होकारपत्रावर सही घेणे हेही तिच्याच विभागाचे काम. बहुतेक जण कागद न वाचता सही करत आणि परतताना नटांची चित्रे मागत. मिसेस टोन्का झुविच आली ती काळी फेल्टची टोपी घालून, टोपीला मोत्याची टाचणी लावून. खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने होकारपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. तिच्या बोटांवर बारीक, जुने-नवे कापल्याचे व्रण होते. पोर्ट अल्माच्या बंदरात ती ट्यूना मासा डब्यात भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. नवरा बोटीवर, मेक्सिकोच्याही खाली, चार-चार महिने.

“टोपी नाही काढली तर चालेल ना?” तिने विचारले.

“चालेल की.”

“ही मी दोनच ठिकाणी घालते. मयताला आणि सरकारी कामाला.”

“हे सरकारी नाही, मिसेस झुविच. रेडिओ आहे.”

“सही लागते ना? मग सरकारीच.” तिने कागद गुडघ्यावर सरळ केला. “यात काय काय सांगणार आहात तुम्ही?”

थेडाने थोडक्यात सांगितले. सोमवारी मुलीला त्रास होतो. मंगळवारी सकाळी आई ठाण्यात जाते. शुक्रवारी माणूस सापडतो.

“कोण माणूस?”

“भटक्या. मालगाडीतून उतरलेला.”

“तो ॲकॉर्डियन शिकवायचा,” मिसेस झुविच म्हणाली. “चर्चच्या हॉलमध्ये. पोलिसांच्या सहलीला दर वर्षी तोच वाजवायला.”

“मला माहीत आहे. फाईल मी वाचली आहे.”

“वाचली आहे. बरं.” तिने क्षणभर थेडाकडे पाहिले, त्या पाहण्यात आरोप नव्हता, नुसती नोंद होती. “तो भटक्या असू दे, माकड असू दे, त्याचं मला काही नाही. पण मंगळवारी सकाळी, असं नका म्हणू. मी तीनदा गेले. जूनमध्ये तिनं मला सांगितलं, त्याच आठवड्यात गेले. सप्टेंबरात गेले. दोन्ही वेळा घरी पाठवलं. नोव्हेंबरात लिहून घेतलं, कारण तोवर बेकरीवाल्याच्या मुलीचं तेच झालं होतं, आणि बेकरीवाला नगरपालिकेत आहे.”

फायलीत जून नव्हता आणि सप्टेंबरही नव्हता.

“कोर्टात त्याचा वकील माझ्या नेडाला विचारतो, तुझी आई पाच महिने गप्प का बसली गं? नऊ वर्षांची पोर. ती काय सांगणार? बघत बसली माझ्याकडे. मी उठले तर म्हणाले, खाली बसा. मला साक्षीला बोलावलंच नाही कुणी. बोलावलं असतं तर ठाण्याची अब्रू गेली असती.”

“तुम्ही घरी तिला सांगितलं नाही?”

“सांगितलं. म्हणते, आता सांगतेस. तिथं सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली, तू नाही घेतलीस. तिच्या हिशेबी जे तिथं बोललं गेलं नाही ते झालंच नाही. आणि कारखान्यातल्या बायका? तोंडावर काही बोलत नाहीत. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवतात, एवढंच.” तिने टोपीची टाचणी चाचपली. “रेडिओवर आलं की आमच्याकडे सगळ्यांना खरं वाटतं. रश्श्यात मीठ आहे का नाही, ते पण रेडिओला विचारतील. मला एक वाक्य द्या. आई आधी येऊन गेली होती. बस. नाव नको, कुणाला शिव्या नकोत.”

“मुलीला तुम्ही ऐकवणार?”

“आई ठाण्यात जाते ते सुरुवातीलाच आहे ना? तेवढंच. मग बंद करीन.”

“मी बघते,” थेडा म्हणाली.

“बघते म्हणजे?”

बारा वर्षांत थेडाने असंख्य लोकांना ‘बघते’ म्हटले होते आणि त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

“घालते,” ती म्हणाली.

मिसेस झुविचने सही केली. अक्षरे मोठी, एकेक सुटी.

*

वाक्य घालणे अवघड गेले नाही, आणि याचीच थेडाला नंतर चीड आली. प्रिन्डलच्या खोलीत जाऊन तिने पान चार त्याच्यासमोर ठेवले.

“आई आत येते, अकरा पावलं चालते, आणि एकदम रडगाणं सुरू करते. मध्ये श्वास नाही,” ती म्हणाली. “सार्जंटच्या तोंडी काहीतरी हवं. तीन सेकंदांचं.”

“प्रोफेसर, तुम्ही शब्द काढता. घालायला कधीपासून लागलात?”

“आजपासून. ‘पुन्हा आलात, बाई?’ एवढंच.”

प्रिन्डलने ते दोनदा मोठ्याने म्हटले, एकदा कंटाळलेल्या आवाजात, एकदा दमलेल्या. “छान आहे. ठाण्याचा वास येतो याला.” आपण काय लिहून घेतले हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याला वाक्याचा ताल दिसत असे, अर्थ नंतर अग्रलेखांतून कळत असे.

पोलिसांचा संपर्क अधिकारी, कॅप्टन रॉय हेन्ड्री, प्रत्येक संहिता वाचून तिच्यावर शिक्का मारत असे. शिक्का नसेल तर पुढची फाईल नाही, आणि फाईल नसेल तर मालिका नाही. त्याची वाचण्याची एक रीत होती: सार्जंटला चुकून लेफ्टनंट म्हटले आहे का, पिस्तूल कमरेला आहे ना, आणि शेवटी शिक्षेची वर्षे बरोबर आहेत ना. एवढे पाहून त्याने पान चार उलटले आणि शिक्का मारला. लाल शाई त्या वाक्याच्या अर्ध्यावर पसरली.

थेडाने पोर्ट अल्माला एका ओळीचे पत्र धाडले: गुरुवार, साडेआठ, वाक्य आहे.

*

कंपनीत ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावायला बंदी होती. जे ऐकू येईल ते त्या क्षणी घडत असले पाहिजे, हा नियम. त्यामुळे प्रत्येक नाटक एका संध्याकाळी दोनदा होई. पूर्वेकडच्या शहरांसाठी साडेपाचला, कारण तिथे तेव्हा साडेआठ वाजलेले असत. आणि पश्चिम किनाऱ्यासाठी तेच सगळे पुन्हा साडेआठला. पहिल्या प्रयोगाची एक तबकडी मुद्रित करून नुसती नोंदीसाठी दप्तरात ठेवली जाई. दुसऱ्याची काहीच खूण राहत नसे.

साडेपाचच्या प्रयोगाला थेडा काचेमागच्या खोलीत, संहिता मांडीवर घेऊन बसली. कॅप्टन हेन्ड्री तिच्या डाव्या हाताला होता; त्याने गुडघ्यावर टोपी ठेवली होती आणि त्याला थोडी झोप येत होती. सुरुवातीची साबणाची स्तुती झाली. ऑगी फेन बायकी टाचांचे बूट हातांत घालून फळीपाशी उभा राहिला. आईची अकरा पावले त्याने हातांनी चालवली, आणि इतकी अवघडलेली, इतकी नेटकी चालवली, की थेडाला फेल्टची टोपी दिसली.

“पुन्हा आलात, बाई?” सार्जंटचे काम करणारा नट म्हणाला. मग त्याने स्वतःच्या मनाने एक कागद उलटल्याचा आवाज केला.

हेन्ड्रीचे डोळे उघडले.

बाकीची पंचवीस मिनिटे जशी ठरली होती तशी पार पडली. भटक्याचे काम करणाऱ्या नटाने त्याला पूर्व युरोपी धाटणीची बोली दिली होती. गेल्या महिन्यात तोच आवाज त्याने एका हेराला वापरला होता. आईचे काम करणारी नटी मात्र शुद्ध, धुतलेले इंग्रजी बोलत होती. मिसेस झुविचचे उच्चार अशा रीतीने तिच्याकडून काढून गुन्हेगाराला देण्यात आले आहेत, हे थेडाला संहितेत दिसले नव्हते. कागदावर उच्चार दिसत नाहीत.

लाल दिवा विझला तसा हेन्ड्री उठला. त्याने आवाज चढवला नाही.

“वॉल्टर, ते ‘पुन्हा’ काय आहे?”

“कुठलं पुन्हा?” प्रिन्डलने सँडविचचा कागद सोडवत विचारले.

“सार्जंट म्हणतो, पुन्हा आलात. म्हणजे ती आधी आली होती. आधी आली होती तर मग आमच्या माणसानं काय केलं? हा प्रश्न येतो की नाही?”

प्रिन्डलने घास तोंडातच ठेवून थेडाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ताल जाऊन अर्थ आला.

“ती आधी आली होतीच, कॅप्टन,” थेडा म्हणाली. “दोनदा.”

“फायलीत नाही.”

“फायलीत कसं असेल? लिहून घेतलं नाही, हीच तर तक्रार आहे.”

“मिस ऑस्टरमन, जे लिहून घेतलं नाही ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. तुम्हाला एका बाईनं सांगितलं.” तो खरोखरच समजुतीने बोलत होता. “माझ्याकडे वीस वर्षांत शंभर आया आल्या असतील. प्रत्येकीला नंतर वाटतं, आपण आधीच सांगितलं होतं. वाटणारच. आई आहे.”

“तुम्ही शिक्का मारला आहे.”

“मारला. आता काढतो. साडेआठला ते वाक्य असेल तर पुढल्या गुरुवारी फाईल नाही. आणि वाक्य काढायचं नसेल, तर आज साडेआठलाही काही लावू नका. ऑर्गन वाजवा अर्धा तास.”

प्रिन्डलने घास गिळला. “थेडा, तीन सेकंदांसाठी? अख्खा भाग घालवायचा? कोणी केलंय असं कधी रेडिओवर? कितीतरी आया ऐकतील, पोरांना सांगतील, अनोळखी माणसाशी बोलू नका.”

“तो अनोळखी नव्हता, वॉल्टर. तुमच्या मित्रांच्या सहलीत वाजवायचा.”

“माझ्या नाही,” हेन्ड्री म्हणाला. “पोर्ट अल्माच्या.”

शिक्का मारल्यानंतरच्या प्रत्येक बदलावर तपासनिसाची आद्याक्षरे लागत. प्रिन्डलने पान चार तिच्यापुढे सरकवले. वाक्यावर त्याने आधीच रेघ मारली होती. थेडाने मनात दोन पारडी मांडली: एकीकडे वाक्याविना नाटक, दुसरीकडे अर्धा तास ऑर्गन. ऑर्गन वाजला तर पोर्ट अल्मात म्हणतील, त्या बाईची गोष्ट रेडिओलासुद्धा सांगवली नाही. असा तिने युक्तिवाद केला. तो चांगला बांधलेला होता. वाईट कामांसाठी तिला नेहमीच चांगले युक्तिवाद सुचत, कॉलेजाने तेवढे शिक्षण तिला दिले होते. निळ्या पेन्सिलीने तिने लिहिले: टी. ओ.

“आता तीन सेकंद रिकामे राहिले,” प्रिन्डल घड्याळ बघत म्हणाला. “ऑगी, बाईची पावलं वाढव. चार.”

“ठाण्यात अकराच आहेत, मिस्टर पी.,” ऑगी काचेपलीकडून म्हणाला. “तुम्हीच मोजून आलात. मागं मी एक जास्त चाललो तर तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत माझ्याशी.”

“आज पंधरा आहेत.”

ऑगीने हातांतले टाचांचे बूट एकमेकांवर आपटून धूळ झाडली आणि थेडाकडे पाहिले. “मिस ओ., आज सार्जंटचं टेबल सरकवलंय बहुतेक,” तो म्हणाला.

झुविचांच्या घरी टेलिफोन नव्हता. साडेआठला आई पंधरा पावले चालली, आणि सार्जंट म्हणाला, “बोला.”

*

शुक्रवारी दोन्ही अग्रलेख आले. थेडाने ते वाचले, घडी घातली, आणि दप्तरात जाऊन पहिल्या प्रयोगाची तबकडी मागितली. वहीत कारणाच्या रकान्यात ‘तपासणीसाठी’ असे लिहिले. तबकडी बाहेर नेणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर छापलेले होते. शनिवारी दुपारी तिने ती कोटात गुंडाळली आणि लाल ट्राम धरली. सव्वा तास ती तबकडी तिने दोन्ही हातांनी उभी धरली होती. समोरच्या म्हाताऱ्याने विचारले, काय, आरसा आहे का? ती हो म्हणाली.

मिसेस झुविचचे घर टेकडीवर, लाकडी पायऱ्यांच्या शेवटी होते. दार उघडून ती तशीच उभी राहिली. आज डोक्यावर टोपी नव्हती. ती दारामागच्या खुंटीवर होती.

“ऐकलं,” ती म्हणाली. “तुम्ही घालते म्हणाला होता.”

“घातलं होतं. साडेपाचच्या प्रयोगात होतं. मग काढलं. काढल्याची सही माझी आहे.” थेडाने ते ट्राममध्ये पाठ केले होते. “न्यूयॉर्कमध्ये, बोस्टनमध्ये, शिकागोत, सगळीकडे ऐकू गेलं.”

“बोस्टनमध्ये मला कोण ओळखतं?”

थेडाने कोटाची गुंडाळी छातीशी धरली.

“आणि आमचं ठाणं एवढं मोठं नाही. ती बाई चालतेय, चालतेय. अकरा पावलं आहेत. मी तीनदा मोजलीत. करायला दुसरं काय होतं तिथं.” मग ती बाजूला झाली. “या आत. उन्हात नका उभ्या राहू.”

स्वयंपाकघरात टेबलापाशी नेडा बसली होती आणि बाकल्याच्या शेंगा सोलत होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरवडल्याची खपली. तिने पाहुणीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा शेंगांकडे.

“ही रेडिओतली बाई,” आई म्हणाली.

“माझ्याकडे ते आहे,” थेडा म्हणाली. “साडेपाचचं. जसंच्या तसं. तुमच्याकडे फोनोग्राफ आहे ना?”

होता. कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, शेजारी गावाकडच्या गाण्यांच्या आठ-दहा तबकड्या. थेडाने कोट उलगडला. तबकडी बाहेर आली ती परातीएवढी. नेडाचे हात पहिल्यांदा थांबले. थेडाने ती फोनोग्राफवर ठेवायला घेतली. ती पेटीच्या कडांवर टेकली, खालच्या खुंटीपर्यंत पोचेचना. तिने तिरपी केली. मग सुईचा दांडा आड आला. ती दोन्ही हातांनी पुन्हा प्रयत्न करू लागली, जणू ग्रीक वाक्यातले एखादे क्रियापद लागत नव्हते आणि एक छोटी चूक सापडली की सगळे जुळून येणार होते.

“राहू द्या,” मिसेस झुविच म्हणाली. “याला मोठं यंत्र लागतं. मोडेल.”

बारा वर्षे थेडा कागद वाचत आली होती. तबकड्या कुठे, कशावर वाजतात हे पाहण्याची तिला कधी गरज पडली नव्हती. ते खालच्या मजल्यावरच्या माणसांचे काम होते. पट्टी घेऊन पाव मिनिटात मोजता आली असती अशी ती गोष्ट होती. ती टेबलापाशी बसली आणि काळी परात तिने शेंगांच्या शेजारी ठेवली.

“त्यात काय आहे?” नेडाने विचारले. तिचा आवाज जाडसर होता.

“सार्जंट तुझ्या आईला म्हणतो, ‘पुन्हा आलात, बाई?’ कारण ती आधी येऊन गेली होती. जूनमध्ये आणि सप्टेंबरात.”

“तुम्ही तिथं होता?”

“नाही.”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं?”

थेडाने मुलीकडे पाहिले. वर्गात अशी मुलगी सहा वर्षांत एखादीच भेटली होती. “तुझ्या आईनं,” ती म्हणाली.

नेडाने मान हलवली. तिची अपेक्षा पुरी झाली होती. तिने पुढची शेंग घेतली. कॅप्टन हेन्ड्रीने गुरुवारी हेच म्हटले होते, आणि एका चोरलेल्या तबकडीने त्यात काही फरक पडत नव्हता. आईचाच शब्द, फक्त एका भाडोत्री नटाच्या तोंडून फिरून आलेला.

“तो सार्जंट तसं म्हणालाच नाही,” मिसेस झुविच अचानक म्हणाली. ती सिंकला टेकून उभी होती आणि दोघींशीही बोलत नव्हती. “‘बाई’ म्हणायला तो कोण लागून गेला. सप्टेंबरात मी आत गेले तर वर बघितलंसुद्धा नाही. नुसती टोपी दिसली असेल त्याला. म्हणतो, आज कुणाचं मयत? आणि शेजारचा हसला.”

नेडाच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

“मी पण तेच विचारलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तू मला शाळेतून न्यायला आलीस तेव्हा. उशिरा आलीस. टोपी घालून. मी विचारलं, कोण मेलं? तू म्हणालीस, कुणी नाही, गप चल.” ती सावकाश बोलत होती, जणू एकेक पाऊल मोजत होती. “तुला मासळीचा वास नव्हता येत. मला वाटलं, मेलेल्या माणसाला आवडत नसेल.”

“हो,” मिसेस झुविच म्हणाली.

“ते सप्टेंबरात होतं. शाळा नुकती सुरू झाली होती.”

“हो.”

“आणि जूनमध्ये?”

“जूनमध्ये पण टोपीच होती. तेव्हा तू मावशीकडे होतीस.”

नेडाने दारामागच्या खुंटीकडे पाहिले. मग तिने शेंगांचे भांडे आईच्या बाजूला सरकवले, आणि आई तिच्या समोरच्या खुर्चीत बसली. दोघी सोलू लागल्या. कोणी कोणाला हात लावला नाही. नेडाने एकदा विचारले, तो हसला तेव्हा तू काय केलंस? आई म्हणाली, उभी राहिले. काय करणार.

थेडाने तबकडी पुन्हा कोटात गुंडाळली. सोमवारी ती वहीत परत लिहावी लागणार होती, आणि ‘काय आढळले’ असा पुढे एक रकाना होता. ती वाजली असती तरी तिच्यात चुकीचेच वाक्य होते.